कर्जाचा कागद आणि गाडगेबाबांचे कीर्तन

॥ रामकृष्णहरि ॥

वारकरी संप्रदायाने गोरगरिबांसाठी काय केले, असे कोणी विचारले की आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो अन्नदानाचा. ते स्वाभाविकच आहे. आषाढीच्या वाटेवर गावोगाव पंगती बसतात, सप्ताहाची सांगता महाप्रसादावाचून होत नाही. परंतु संतांच्या चरित्रांत दारिद्र्यनिवारणाचा आणखी एक धागा आहे, आणि त्याकडे आपले लक्ष कमी जाते. तो धागा कर्जाचा. उपाशी माणसाला भाकरी दिली की त्याची आजची भूक भागते. पण त्याच्या नावाचा कागद सावकाराच्या पेटीत असेल, तर उद्या त्याच्या शेतात पिकलेली ज्वारीही त्याची नसते. या धाग्याचा एक पेड आपल्या शिरूर आणि भीमथडीच्या मातीतून गेलेला आहे, आणि त्याचे पुढचे टोक श्रीसंत गाडगेबाबांच्या हाती आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ दामाजीपंतांपासून करू. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे चाकर. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे रयतेसाठी उघडली, हे कथानक आपण सर्वांनी कीर्तनातून ऐकले आहे. त्यात एक बारकावा आहे. पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बिदरला गेला, धान्याची रक्कम भरली आणि भरणा झाल्याची रसीद घेतली. देवाला रसीद कशाला हवी? पण कथा सांगणाऱ्यांना जग ठाऊक होते. पैसे फेडले तरी कागद हाती आल्यावाचून माणूस सुटत नाही, हे गरिबाला अनुभवाने कळलेले असते.

तुकोबारायांच्या घरी तर हे कागदच होते. देहूचे मोरे घराणे महाजनकीचे. सन १६२९ ते १६३१ या काळात दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. त्यात महाराजांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे घरात असलेली लोकांच्या कर्जाची खते त्यांनी बाहेर काढली. परंपरा सांगते की निम्मी खते धाकटे बंधू कान्होबांच्या वाट्याची म्हणून बाजूला ठेवली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. भावाचा हक्क भावाला देऊन आपल्या हक्काचे तेवढे सोडले. दुसऱ्याच्या खिशातून दान करून पुण्य आपल्या नावावर लावण्याचा व्यवहार त्यात नव्हता. ज्याला येणे होते त्यानेच ते सोडले, आणि देहू परिसरातली कितीतरी कुटुंबे एका दिवसात मोकळी झाली.

असो. आता सुमारे अडीचशे वर्षे पुढे येऊ, आणि देहूहून आपल्या तालुक्यात येऊ.

रांजणगाव आज महागणपतीमुळे आणि औद्योगिक वसाहतीमुळे सर्वांना ठाऊक आहे. पण हा सगळा मुलूख मुळात कोरडवाहू. पाऊस लहरी, ज्वारी-बाजरीवर पोट. कालवे आले ते अलीकडे. अशा मुलखात इंग्रजी अमलात सारा रोखीने भरायचा असे. पीक हाती येवो न येवो, हप्ता चुकवता येत नसे. मग सावकार गाठावा लागे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते तेव्हा इकडच्या कापसाला मोठा भाव आला आणि सावकारही सढळ हाताने पैसे देऊ लागले. १८६५ साली ते युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच १८६७ पासून पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि सारा वाढला. आवक घटली, देणे वाढले.

कागदाची रीतही मोठी विलक्षण होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने अशा कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू असा की जुनी कर्जे चिघळत राहू नयेत. घडले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा कागद करून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि त्यावर पुन्हा व्याज लावी. कुणब्याला अक्षरओळख नाही. कागदावर काय लिहिले आहे हे सांगणाराही सावकार आणि लिहिणाराही त्याच्याच ओळखीचा. आजाने घेतलेले थोडे रुपये नातवाच्या काळात सबंध रानाइतके होत.

शिरूर तालुक्यातले करडे हे गाव आमच्या रांजणगावापासून फार लांब नाही. १८७४ च्या अखेरीस त्या गावाने एक गोष्ट केली. एका सावकाराने हुकूमनामा मिळवून गावातल्या एका प्रतिष्ठित माणसाच्या घरावर जप्ती आणली. तेव्हा गावाने ठरवले की त्या सावकाराशी कोणी व्यवहार ठेवायचा नाही. त्याचे रान कोणी कसायचे नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, त्याच्या घरी कोणी पाणी भरायचे नाही. अखेर त्याला गाव सोडावे लागले. ही बातमी आसपासच्या गावांत पसरली. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. तिथून हे लोण भीमथडी, शिरूर आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातही गेले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

दंगा हा शब्द ऐकला की मारामारी आणि लूट डोळ्यांपुढे येते. इथे लोकांची मुख्य मागणी एकच होती, कर्जखते द्या. सावकाराने कागद काढून दिले तर बहुतेक ठिकाणी प्रकरण तेवढ्यावर मिटले. न दिले तर मात्र घरे-दुकाने फोडली गेली, काही ठिकाणी आगी लावल्या. हाती आलेले कागद चावडीपुढे पेटवले गेले. तुकोबारायांनी पाण्यात सोडलेली खते आणि भीमथडीने अग्नीत टाकलेली खते, या दोन्हींत कागद नाहीसा झाला हे खरे. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. एकाने आपले येणे सोडले, दुसऱ्यांनी आपले देणे जाळले. एका ठिकाणी दया आहे, दुसऱ्या ठिकाणी संताप. त्या संतापाला कारण होते, हे सरकारनेही मानले. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले आणि कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. पुढे १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांचा मार्ग उघडला आणि कालांतराने गावोगाव सोसायट्या आल्या.

तुकोबारायांची पालखी आजही देहूहून निघून यवत, वरवंड करीत दौंड तालुक्यातून पंढरीला जाते. म्हणजे खते पाण्यात सोडणाऱ्या महाराजांच्या पादुका, खते जाळणाऱ्यांच्या मुलखातून दरवर्षी जातात. हे मनात आले की पावले जरा सावकाश पडतात.

आता प्रश्न असा की पाण्याने आणि अग्नीने कागद गेला, कायद्याने त्याची धार बोथट झाली, तरी नवा कागद होतच राहिला, त्याचे काय? याचे उत्तर ज्यांनी आयुष्यभर दिले, ते या दंग्यांच्या दुसऱ्याच वर्षी जन्माला आले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परिटाच्या घरी डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. वडिलांचा संसार दारूने मोडला आणि ते लवकर गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. मामाची शेती होती, डेबूजी त्या शेतीत राबला. आणि ती शेती सावकाराच्या कागदाने गिळली. ज्या गोष्टीने करडे आणि सुपे पेटले, तीच गोष्ट वऱ्हाडातल्या या पोराने आपल्या घरात पाहिली.

इथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. सावकार लबाड होता हे डेबूजीला दिसले, आणि तो त्याच्यापुढे निर्भयपणे उभाही राहिला. पण त्याने एवढेच पाहिले नाही. कागदावर अंगठा का उठतो, हेही पाहिले. बारशाला मटण आणि दारू हवी. लग्नाला गावजेवण हवे. बाप मेला की तेराव्याला पंगत हवी. देवाला बकरे हवे. घरात पैसा नाही, मग सावकाराची पायरी. म्हणून स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी जातीच्या रिवाजाविरुद्ध मद्यमांस टाळून गोडाचे जेवण घातले. त्यांचे पहिले कीर्तन तेच, असे मी मानतो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. हाती खराटा, अंगावर चिंध्यांचे वस्त्र, जवळ मातीचे गाडगे. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, काम करायचे, मग भाकरी मागायची आणि रात्री कीर्तन. फुकट खायचे नाही, हा दंडक स्वतःलाच घालून घेतलेला. गावाची घाण दिवसा खराट्याने काढायची आणि माणसांच्या मनातली रात्री कीर्तनाने, असा तो नित्यक्रम होता.

त्यांचे कीर्तन आमच्या पठडीतले नव्हते. पोथी नाही, पदच्छेद नाही, वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारीत जायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. कर्ज काढले काय? कशापायी काढले? फिटले काय? लोक हसत हसत उत्तर देत आणि मग हळूच गप्प होत. ताट नसेल तर भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. कर्ज काढून सण करू नका. दारू आणि नवसाची बकरी सोडा, असा त्यांचा उपदेश असे. त्यांचा आधार तुकोबारायांच्या अभंगांचा, तुकोबांनाच ते गुरुस्थानी मानीत. स्वतः मात्र कोणाचे गुरू झाले नाहीत, कोणाला शिष्य म्हटले नाही. कीर्तन चालू असताना एकुलत्या मुलाच्या, गोविंदाच्या मृत्यूची वार्ता आली, तरी ते कीर्तन थांबले नाही.

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौषात तिथे यात्रा भरते. लोकांची श्रद्धा अशी की तिथल्या स्नानाने ऋण फिटते. नदीच्या काठी चिखल असे, यात्रेकरू घसरून पडत. बाबांनी तिथे स्वतः कष्ट करून, लोकांना कामाला लावून घाट बांधला, आणि यात्रेत येणाऱ्या आंधळ्या-पांगळ्यांच्या अन्नाची सोय केली. ऋण फिटावे म्हणून येणाऱ्या माणसाचा पाय निदान घसरू नये, इतकी साधी ही सेवा होती. मोठ्या कामाचा आरंभ तिथून झाला.

पुढे मूर्तिजापूर, नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. यात्रेकरूला धर्मशाळा का लागते, हे आपणा वारकऱ्यांना सांगायला नको. पण पंढरीत एक गोष्ट निराळी होती. अस्पृश्य मानलेल्या माणसाला वारीत चालता येई, चंद्रभागेत स्नान करता येई. रात्री पाठ टेकायला मात्र कोणी ओसरी देत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी श्रीसंत चोखामेळ्यांच्या नावाने धर्मशाळा बांधली. पांडुरंगाच्या मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले ते मे १९४७ मध्ये. चोखोबांच्या नावाचे हे छप्पर त्याच्या पंचवीस वर्षांहून अधिक आधी उभे होते.

या कामाला लाखो रुपये लागले. ते कीर्तनातून आले. बाबांच्या हाताला मात्र त्यातला पैसा लागला नाही. देणाऱ्याने कामाला द्यायचे, हिशेब विश्वस्तांनी ठेवायचा. आपल्या नातलगांचा या वास्तूंवर काडीचाही हक्क राहणार नाही, अशी तजवीज त्यांनी करून ठेवली. पत्नी कुंताबाईंचे आयुष्य झोपडीत गेले. आमच्या क्षेत्रात मठाचा वारसा कोणाकडे जावा यावरून किती भांडणे होतात हे वाचकांना ठाऊक आहे. म्हणून ही तजवीज मला घाटांपेक्षाही मोठी वाटते.

याहून पुढची पायरी १९४९ सालची. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून. उभी केलेली वास्तू, आणि तीही पंढरीतली, अशी दुसऱ्याच्या हाती सोपवायला वैराग्यच लागते. त्यांचा हिशेब सरळ होता. वारकऱ्याला चार दिवसांचा निवारा हवा, हे खरे. पण त्याचा मुलगा शिकला तर सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येईल. कर्मवीर भाऊराव पाटलांवर त्यांचा लोभ होता तो याच कारणाने. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाडला महाविद्यालय काढले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. स्वतः निरक्षर असलेल्या कीर्तनकाराचे नाव महाविद्यालयाला लागले.

१९५२ साली श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि विखुरलेल्या कामाला एक घडी बसली. धर्मशाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे, अन्नदान असा त्याचा विस्तार आहे. मुंबईत मोठ्या रुग्णालयांपाशी खेड्यातून आलेली माणसे पदपथावर झोपत, त्यांच्यासाठी धर्मशाळेची सोय झाली. बाबांच्या पश्चात दादरला उभी राहिलेली धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देते. हेही पाहा, आजच्या काळात घर कर्जात बुडते ते बहुतेक दुखण्यापायी. मुंबईत महिनोन्‌महिने राहण्याचा खर्च वाचला, तर एखाद्याचे रान वाचते. म्हणजे हे कामही ऋणमोचनाचेच.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी बाबांचे कीर्तन मुंबईत वांद्रे येथे झाले, ते ध्वनिमुद्रित झालेले आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. शेवटही रस्त्यावर, प्रवासातच झाला.

कोणी म्हणेल, महाराज, कीर्तन हे भगवत्प्राप्तीचे साधन. त्यात कर्जबाजारीपणा, शाळा, धर्मशाळा हे प्रापंचिक विषय कशाला? पूर्वपक्ष योग्य आहे. पण उत्तर तुकोबारायांच्या चरित्रातच आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात नामचिंतन करणारे महाराज आणि खते इंद्रायणीत सोडणारे महाराज एकच आहेत. ज्याच्या दारात जप्तीचा बेलिफ उभा आहे, त्याच्या कानी नाम पडते, पण मनी ठरत नाही. त्याचे मन मोकळे करणे ही नामाचीच सेवा आहे. म्हणूनच बाबांनी पुराण सोडले, पण गोपाळाचा गजर सोडला नाही.

आता थोडे आपल्याकडे पाहू. मी शिरूर, दौंड, पारनेर या पट्ट्यात चाळीस वर्षांहून अधिक काळ कीर्तने केली. १९७२ च्या दुष्काळात याच रस्त्यांवर लोकांना खडी फोडताना पाहिले. आता पाणी आले, कारखाने आले, काहींच्या हाती जमिनीचे पैसे आले. पण सगळ्यांच्या नाही. ज्याच्याकडे पैसा आला त्याने लग्नाचा मांडव मोठा केला, आणि ज्याच्याकडे आला नाही त्याने त्याची बरोबरी करण्यासाठी कर्ज काढले. कागदाचे रूप बदलले आहे. पूर्वी अंगठा होता, आता सही आणि हप्ता आहे.

आणि एक गोष्ट आपण कीर्तनकारांनी मनाशी मान्य केली पाहिजे. त्या खर्चाच्या यादीत आपलेही नाव आहे. दहाव्याचे प्रवचन, वर्षश्राद्धाचे कीर्तन, मांडव, ध्वनिक्षेपक, पंगत आणि बुवांची बिदागी. मी तरुणपणी टाळकरी म्हणून एका वडीलधाऱ्या महाराजांबरोबर जात असे. भीमेकाठच्या एका गावी वर्षश्राद्धाचे कीर्तन झाले. नंतर घरचा मुलगा महाराजांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “महाराज, कांदा विकला की पाकीट पोहोचवतो, तोवर थांबाल का?” महाराजांनी त्याच्या हातातला नारळ घेतला आणि म्हणाले, “बाळा, ही पोहोचली. आता कांद्याचे पैसे आले की आधी सोसायटीचे भर.” गाडीत बसल्यावर ते आम्हाला म्हणाले, “बिदागी घ्यावी, पण कुणाच्या कर्जातली घेऊ नये.” हे वाक्य मला अनेक ग्रंथांइतके मोलाचे वाटत आले आहे.

तेव्हा सप्ताह करणाऱ्या गावांना माझी विनंती आहे. महाप्रसाद जरूर करा, अन्नदानासारखे दान नाही. पण वर्गणी मोजताना ज्याला जड जाईल त्याच्या दारी दुसऱ्यांदा जाऊ नका. सांगतेच्या दिवशी जमाखर्च फळ्यावर लिहून लावा. शिल्लक राहिली तर पुढच्या वर्षीच्या मांडवासाठी ठेवण्याऐवजी गावातल्या एखाद्या मुलीची फी भरा, किंवा पुण्याला दवाखान्यात पडलेल्या माणसाच्या घरी पोहोचवा. आणि दहाव्याला कीर्तन ठेवणाऱ्याने कर्ज काढले आहे असे कळले, तर कीर्तनकाराने जावे, कीर्तन करावे, आणि नारळ घेऊन परत यावे.

करड्याच्या लोकांनी एकजुटीने एक सावकार गावाबाहेर काढला. तीच एकजूट दाखवून एखाद्या गावाने ठरवले की आमच्या गावात बारसे, लग्न आणि तेरावे कर्ज काढून होणार नाही, तर कोणाचा कागद जाळावा लागणार नाही, कारण तो लिहिलाच जाणार नाही. आपल्या पालख्यांच्या वाटेवर अशी दहा गावे झाली, तरी गाडगेबाबांची पुण्यतिथी साजरी झाली असे समजावे.

॥ रामकृष्णहरि ॥